बेसबॉल हा धंदा नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं त्याची गोष्ट

कलमकाकू

स्पर्धा कायद्याच्या वर्गात मी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल शिकवते. तो वाचून आलेली मुलं पहिला प्रश्न एकच विचारतात, "हे अजून लागू आहे?" आहे. १९२२ पासून आहे. इथे सेंट लुईसकडे उन्हाळ्यात कार्डिनल्स हा इथला बेसबॉल संघ सोडून दुसरा विषय निघत नाही, म्हणून म्हटलं मराठीतही एकदा हे सगळं लिहून काढावं.

१९१४ साली दोन प्रस्थापित लीगना टक्कर द्यायला फेडरल लीग उभी राहिली. (शिकागोचं आजचं रिग्ली फील्ड मुळात याच लीगच्या संघासाठी बांधलेलं.) दोन हंगामांत लीगचा दम संपला. जुन्या मालकांनी नव्यांपैकी बहुतेकांशी देवाणघेवाण करून विषय मिटवला, पण बाल्टिमोरवाल्यांच्या हातावर तुरी. ते कोर्टात गेले. ज्यूरीनं ८०,००० डॉलर दिले, कायद्यानुसार तिप्पट म्हणजे २,४०,०००. अपिलात हे पैसे गेले आणि २९ मे १९२२ रोजी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स यांनी एकमताचा, अगदी आटोपशीर निकाल लिहिला. शर्मन कायदा, म्हणजे धंदेवाल्यांनी संगनमतानं स्पर्धा मारू नये म्हणून केलेला कायदा, राज्याराज्यांतल्या व्यापाराला लागतो. बेसबॉलचा सामना एका गावात होतो, तो तिथलाच मामला. खेळाडू सीमा ओलांडून येतात, पण ते केवळ आनुषंगिक.

होम्स यांनी दाखला काय द्यावा? वकिलांची पेढी आपला माणूस दुसऱ्या राज्यात खटला लढवायला पाठवते, किंवा व्याख्यानं भरवणारी संस्था वक्ते पाठवते, म्हणून तो काही आंतरराज्य व्यापार होत नाही, तसंच हे. वकील आणि व्याख्याती, माझी पोटापाण्याची दोन्ही साधनं एका वाक्यात निकालात काढली! पुढे १९७५ मध्ये याच कोर्टानं वकिलांच्या ठरवून लावलेल्या दरांना हाच कायदा लावला. दाखला गेला, बेसबॉल राहिलं.

तेव्हा सरन्यायाधीश होते टाफ्ट. सामन्याचा पहिला चेंडू टाकायची प्रथा राष्ट्राध्यक्ष असताना १९१० साली त्यांनीच सुरू केली. मग येलमध्ये कायदा शिकवला, मग कोर्टात आले. त्यांचे सावत्र भाऊ मध्यंतरी शिकागो कब्जचे मालकही होते. राजकारण, विद्यापीठ आणि बेसबॉल एकाच घरात.

१९५३ मध्ये टूलसन नावाचा न्यूयॉर्क यांकीजच्या खालच्या संघातला गोलंदाज हाच प्रश्न घेऊन आला. कोर्टानं एका परिच्छेदात परत पाठवलं: जुना निकाल आहे, बदलायचा तर काँग्रेसनं (म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं) बदलावा. पण १९५५ ला मुष्टियुद्धाला आणि १९५७ ला फुटबॉलला कायदा लागू आहे, असं त्याच कोर्टानं ठरवलं. सूट फक्त बेसबॉलला.

आता कर्ट फ्लड. कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, उत्तम क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. १९६९ च्या ऑक्टोबरात संघानं त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. विचारलं नाही, कळवलं. करारात 'राखीव कलम' असायचं: हंगाम संपला की संघ तोच करार आणखी एका वर्षासाठी वाढवू शकतो. वाढवलेल्या करारातही तेच कलम. म्हणजे मालक सोडेपर्यंत सुटका नाही. फ्लडनं २४ डिसेंबर १९६९ ला बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं, की बारा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढल्यावर, माझी इच्छा न विचारता विकता-घेता येईल अशी मी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही. १९७२ मध्ये तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला.

निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा. पहिल्या भागात कायदा औषधालाही नाही. बेसबॉलचा इतिहास, कविता आणि ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावं, एकापाठोपाठ एक. बाजूनं मत देणाऱ्या दोघांनी, सरन्यायाधीश बर्गर आणि न्यायमूर्ती व्हाइट यांनी, या भागावर सही करायला नकार दिला. पुढे ब्लॅकमन स्वतःच म्हणतात की ही सूट विसंगत आहे, अपवाद आहे, पण जुनी आहे, काँग्रेसनं बघावं. १९५३ ला बहुमतात असलेले न्यायमूर्ती डग्लस यांनी या वेळी विरोधी निकालाच्या तळटीपेत लिहिलं, की तेव्हाच्या मताचा आपल्याला पश्चात्ताप झाला आहे.

माझं म्हणणं एवढंच: इथे कायद्यापेक्षा खेळाबद्दलचा गहिवर जास्त बोलला, आणि त्या गहिवराची किंमत खेळाडूनं मोजली. विद्यापीठांनीही पुढे हाच गहिवर 'हौशी खेळ' म्हणून वापरला. त्यावर कुणी विचारलं तर लिहीन, नाहीतर धागा लांबेल.

बाकावरचा

काकू, माहितीपूर्ण. पण फ्लडला तेव्हा वर्षाला ९०,००० डॉलर मिळत होते ना? गिरणीतल्या माणसाला हे ऐकवून बघा. आणि मालकांचीही बाजू आहे. खेळाडू मोकळे सोडले तर पैसेवाला संघ सगळे चांगले उचलणार आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

कलमकाकू

@बाकावरचा, पगाराचा प्रश्न त्याला टीव्हीवर विचारला होता. भरपूर पगाराचा गुलाम हा शेवटी गुलामच, असं त्याचं उत्तर होतं. लोकांना झोंबलं. माझ्या मते शब्द जड होता, पण कायद्याचा मुद्दा पगाराचा नव्हताच. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी बोली लावू नये अशी सगळ्या मालकांनी आपसात व्यवस्था केली होती, मुद्दा तो.

समतोलाचं म्हणाल तर राखीव कलम जोरात असताना, १९४९ ते १९६४ या सोळा हंगामांत, यांकीजनी चौदा वेळा आपली लीग जिंकली. बेब रूथही बोस्टनहून न्यूयॉर्कला १९१९ च्या अखेरीस पैसे मोजूनच गेला. चांगला खेळाडू श्रीमंत संघाकडे तेव्हाही जायचा. फक्त पैसे त्याच्याऐवजी आधीच्या मालकाच्या खिशात पडायचे.

तिरपा_बाण

काकूंनी काँग्रेसला फारच सभ्यपणे सोडलंय. पन्नास वर्षं कोर्ट म्हणतंय काँग्रेसनं बघावं, आणि काँग्रेस काय बघते? १९५८ च्या जुलैमध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढं यांकीजचे मॅनेजर केसी स्टेंगल यांची साक्ष झाली. प्रश्न साधा होता, ही सूट कायद्यात का घालावी? स्टेंगल बराच वेळ बोलले. कुठल्या गावात खेळलो, कुठं काढून टाकलं, दंतवैद्यकी कशी शिकत होतो, सगळं झालं, उत्तर नाही. सिनेटर हसून बेजार. मग मिकी मँटलला तोच प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, माझंही मत केसींसारखंच आहे.

आणि आता ही सूट म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातातली छडी झालीय. २०२१ ला जॉर्जियाच्या मतदान कायद्यावरून ऑल-स्टार सामना अटलांटाहून हलवला, तेव्हा क्रूझ, हॉली, ली ही रिपब्लिकन मंडळी सूट काढायचं विधेयक घेऊन आली. पुढच्या वर्षी मालकांनी खेळाडूंवर लादलेल्या टाळेबंदीवरून बर्नी सँडर्स तेच घेऊन आले. दोन्ही बारगळली. काढायची कुणालाच नाहीये, काढीन म्हणून दाखवायची आहे.

चाळिशीतला_ऑफस्पिन

+१. वाचताना सारखी आयसीएल (इंडियन क्रिकेट लीग) आठवत होती. २००७ ला वेगळी लीग निघाली, तिकडे गेलेल्या पोरांवर बंदी, २००९ ला माफी मागून परत. फेडरल लीगचीच देशी आवृत्ती. आपल्याकडे कोर्टानं काय केलं?

कलमकाकू

@ऑफस्पिन, भारतात अशी सरसकट सूट कुणी दिलेली नाही, हा मोठा फरक. २००५ च्या झी टेलिफिल्म्स निकालात ३ विरुद्ध २ नं ठरलं की बीसीसीआय म्हणजे घटनेच्या अर्थानं 'राज्य' नाही, पण सार्वजनिक स्वरूपाचं काम करते म्हणून उच्च न्यायालयात रिट चालेल. दुसऱ्या लीगला परवानगी देणार नाही, अशी हमी आयपीएलच्या माध्यम हक्कांच्या करारात दिली होती. त्यावरून स्पर्धा आयोगानं २०१३ ला ५२.२४ कोटींचा दंड ठोकला. अपिलात तो २०१५ ला रद्द झाला, आयोगानं २०१७ ला पुन्हा लावला. इथल्या कोर्टानं जे दार १९२२ ला लावून घेतलं, ते तिथं निदान उघडं आहे. आत जाऊन कुणाला काय मिळतं ते वेगळं. बाकी आयपीएलच्या लिलावाला मी राखीव कलम म्हणणार नाही, पण खेळाडूंची संघटना नसताना त्याचे नियम कोण ठरवतं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

डगआउटमधली_आई

काकू, विद्यापीठांचं लिहाच. माझा मुलगा ओहायोत कॉलेज बेसबॉल खेळतो. बाहेरच्यांना वाटतं मुलगा खेळाडू म्हणजे फुकट शिक्षण. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या. होय, पॉइंट सात. त्या जास्तीत जास्त सत्तावीस पोरांत वाटायच्या आणि प्रत्येकाला निदान पाव. आमच्या वाट्याला ती पावच आली. उरलेली पाऊण आम्ही भरतो. फोनवर सासूबाई विचारतात, "स्कॉलरशिप आहे ना?" आहे हो, पाव आहे.

सरावाला पहाटे साडेपाचला हजर, फेब्रुवारीत दक्षिणेकडे बसनं दौरे, परीक्षा हॉटेलच्या लॉबीत बसून. यात तक्रार नाही, त्याला आवडतं. पण प्रशिक्षकांचा पगार बघितला की 'हौशी' कोण, ते कळेनासं होतं.

कलमकाकू

@डगआउटमधली_आई, एवढं तर माझ्या पाठ्यपुस्तकातही नाही.

१९८४ मध्ये विद्यापीठांची क्रीडा संघटना एनसीएए फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरून सुप्रीम कोर्टात हरली. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी. हे स्वतः आधी स्पर्धा कायद्याचे वकील आणि कब्जचे जन्माचे चाहते. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेब रूथनं बोट दाखवून मारलेला म्हणतात तो प्रसिद्ध होमरन (बेसबॉलचा षटकार) त्यांनी लहानपणी मैदानात बसून पाहिलेला. त्यांनी संघटनेला हरवलं, पण जाता जाता हौशी खेळाच्या परंपरेचा गौरव करणारी काही वाक्यं लिहून ठेवली. निकालाला त्यांची गरज नव्हती. संघटनेच्या वकिलांनी पुढची पस्तीसेक वर्षं तीच वाक्यं ढाल म्हणून वापरली. प्रत्येक कोर्टात तेच पान.

ती ढाल खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या, २०२१ च्या ऑल्स्टन निकालात फुटली, ९ विरुद्ध ०. न्यायमूर्ती गोर्सच यांनी स्टीव्हन्स यांची वाक्यं अनावश्यक म्हणून बाजूला ठेवली, आणि बेसबॉलच्या सुटीलाही टोमणा मारला, की असली सूट आम्ही एकदा दिली खरी, पण पुढे दुसऱ्या कुठल्या खेळाला दिलेली नाही.

मग गेल्या वर्षी, ६ जून २०२५ ला, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस प्रकरणातला समझोता मंजूर झाला. विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. तुमचे ११.७ गेले, पण त्याजागी संघात चौतीसच पोरं, अशी मर्यादा आली. पैसा बहुतेक फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार. बेसबॉलवाल्यांना शिष्यवृत्ती द्यायची मुभा मिळाली, सक्ती नाही.

आणि विद्यापीठं एकमेकांशी स्पर्धा न करण्याची व्यवस्था फक्त खेळात करत होती असं समजू नका. १९९१ मध्ये न्याय खात्यानं आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एमआयटी यांच्यावर खटला भरला. कारण काय, तर कुठल्या गरजू विद्यार्थ्याला किती मदत द्यायची हे सगळे मिळून बैठकीत ठरवत. आठांनी समझोता केला, एमआयटी लढली. त्यांचाही बचाव ओळखीचाच होता: आम्ही धंदा करत नाही, आम्ही धर्मादाय काम करतो.

डगआउटमधली_आई

त्या चौतीसच्या नियमानं मुलाच्या संघातल्या दोन पोरांना सांगितलं, दुसरीकडे बघा. आधीपासून असलेल्यांना नंतर कोर्टानं सवलत मिळवून दिली, पण तोवर एकानं बदली घेतली होती.

रिकामटेकडा

मला एक कळलं नाही. फ्लड हरला, सूट तशीच राहिली, मग आज यांना कोट्यवधी कसे मिळतात?

कलमकाकू

@रिकामटेकडा, कारण कोर्टातून मिळालं नाही ते संघटनेनं मिळवलं. मार्व्हिन मिलर हा पोलाद कामगार संघटनेतला अर्थतज्ज्ञ, १९६६ ला खेळाडूंनी त्याला आणला. त्यानं १९६८ ला पहिला सामूहिक करार केला, किमान पगार ६,००० वरून १०,००० डॉलरवर नेला. १९७० च्या करारात एक साधी दिसणारी गोष्ट पदरात पाडून घेतली: तक्रारींचा निवाडा आयुक्त नाही, तटस्थ लवाद करील.

मग मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांनी नव्या करारावर सही न करता वर्ष काढलं आणि म्हणाले, एक वर्ष वाढवलं, ते संपलं, आता आम्ही मोकळे. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. पण निर्णय टिकला. घटना नाही, शर्मन कायदा नाही, कराराचं एक कलम सरळ वाचलं, बस्स. मी मुलांना सांगते, हा निवाडा फ्लडच्या निकालानंतर लगेच वाचा.

खेळाडूंचा मोठा संपही याच रस्त्यानं मिटला. १२ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाला, त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. ३१ मार्च १९९५ ला न्यूयॉर्कच्या एका जिल्हा न्यायाधीश बाईंनी कामगार कायद्याखाली मालकांना मनाई हुकूम दिला आणि खेळ सुरू झाला. त्या बाई म्हणजे सोनिया सोटोमायर. ब्राँक्समध्ये वाढलेल्या, यांकीजच्या चाहत्या, पण निकालात एका खेळाडूचीही आरती नाही. ब्लॅकमन यांच्याशी ताडून बघा.

फ्लडसाठी १९७० च्या सुनावणीत मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. तेव्हा मैदानात खेळणारा एकही खेळाडू आला नाही. मोठ्या लीगच्या खेळाडूंपुरती ही सूट काढणारा, फ्लडच्या नावाचा कायदा १९९८ ला झाला. फ्लड १९९७ च्या जानेवारीतच गेला होता.

तिरपा_बाण

विद्यापीठातून थेट बेसबॉलमध्ये गेलेले एक जियामाटी. प्रबोधनकाळाच्या साहित्याचे प्राध्यापक, येलचे अध्यक्ष, १९८९ च्या एप्रिलमध्ये बेसबॉलचे आयुक्त. बेसबॉलवर फार सुंदर लिहायचे म्हणून अजून लोक हळवे होतात. पण येलमध्ये १९८४ ला कारकून-तंत्रज्ञांचा दहा आठवडे संप झाला तेव्हा गादीवर हेच होते. काकूंच्या गहिवराच्या मुद्द्यात चपखल बसतात.

त्यांनी २४ ऑगस्ट १९८९ ला पीट रोझ या नावाजलेल्या खेळाडूवर जुगारापायी कायमची बंदी घातली आणि आठवड्याभरात हृदयविकारानं गेले. गंमत पुढे आहे. रोझ २०२४ ला वारला, ट्रम्प यांनी त्याला माफी देईन म्हणून गलका केला, आणि मे २०२५ मध्ये आयुक्त मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. हार्वर्डचे वकील आहेत हो.

कलमकाकू

मॅनफ्रेड यांच्या तर्कात तसा दोष काढता येत नाही, वेळ मात्र फार सोयीची निघाली. जियामाटींबद्दल मी थोडी मऊ आहे. रोझचं प्रकरण त्यांनी नीट चौकशी करून, पुरावा गोळा करून हाताळलं. १९२१ ला आयुक्त लँडिस यांनी सामने मुद्दाम हरल्याच्या आरोपातून ज्यूरीनं निर्दोष सोडलेल्या खेळाडूंना दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं होतं. आणि हेच लँडिस १९१५ मध्ये न्यायाधीश असताना फेडरल लीगच्या खटल्यावर जवळपास वर्षभर निकाल न देता बसून राहिले होते, तेवढ्यात लीग बुडाली.

चाळिशीतला_ऑफस्पिन

अवांतर: काकू, वर्गात मुलं खूश होतात असं एखादं बेसबॉल प्रकरण सांगा की. फ्लडनं उदास केलं.

कलमकाकू

पोपोव्ह विरुद्ध हयाशी. ७ ऑक्टोबर २००१, सॅन फ्रान्सिस्को, बॅरी बाँड्सचा त्या मोसमातला विक्रमी ७३ वा होमरन. चेंडू पोपोव्हच्या ग्लव्हच्या जाळीत शिरला, तेवढ्यात गर्दी त्याच्या अंगावर कोसळली. चेंडू निसटला. शेजारीच, स्वतःही ढकलाढकलीत खाली पडलेल्या हयाशीनं तो उचलला. मालक कोण? न्यायाधीशांनी मालमत्ता कायद्याचे प्राध्यापक हेस्टिंग्ज लॉ कॉलेजात एकत्र बसवून भर चर्चेत त्यांची मतं घेतली. ताबा कधी पूर्ण होतो यावर त्यांचं एकमत होईना (झालं असतं तर आमच्या नोकऱ्या धोक्यात). शेवटी निकाल लागला, की दोघांचा हक्क सारखा, चेंडू विका, पैसे अर्धे अर्धे. साडेचार लाख डॉलर आले. पोपोव्हनं पकड पूर्ण केली होती का, यावर दर वर्षी वर्गात दोन तट पडतात. व्हिडिओ दाखवला की आणखी पडतात.

बाकावरचा

मला अजून पूर्ण पटलेलं नाही. मोठ्या लीगचे खेळाडू संघटना करून मोकळे झाले, ठीक. पण मग १९२२ च्या निकालाचा आज त्रास कुणाला होतो?

कलमकाकू

खालच्या लीगमधल्या पोरांना. १९९८ चा कायदा त्यांना लागूच नाही, तो फक्त मोठ्या लीगपुरता. २०१८ मध्ये सरकारी खर्चाच्या दोन हजारांहून अधिक पानांच्या विधेयकात एक तुकडा गुपचूप घुसडला, त्यानं त्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या केंद्रीय नियमांतून वगळलं. नावही कसं, तर अमेरिकेचा आवडता खेळ वाचवण्याचा कायदा. पुन्हा गहिवर. २०२० नंतर खालचे संघ १६० वरून १२० वर आणले. वगळलेले काही संघ कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाच्या दारात पोचले, आणि २०२३ ला मालकांनी समझोता केला. १९२२ चा निकाल पुन्हा तपासायची वेळ येऊ द्यायची नाही, असाच मी त्याचा अर्थ लावते. मधल्या काळात, २०२२ च्या सप्टेंबरात, ही पोरं खेळाडूंच्या संघटनेत आली आणि २०२३ ला त्यांचा पहिला करार झाला. रस्ता परत तोच, मिलरचा.

बाकावरचा

हे आधी लिहिलं असतं तर मी एवढा वाद घातला नसता. (घातला असता.) मोठ्या लीगचा चालू करार कधीपर्यंत आहे?

कलमकाकू

१ डिसेंबर २०२६. मालकांच्या डोक्यात पगाराची कमाल मर्यादा आहे, खेळाडू ती ऐकूनही घेत नाहीत. टाळेबंदी झाली की नवा धागा काढते. तिरपा_बाण, तेव्हा कुठल्या पक्षाचा सिनेटर आधी विधेयक आणतो त्यावर पैज लावणार का? चहाची. जास्त नको, रोझ होईल.